डोक्यावरची माती

आमच्या वस्तीला कार्यशाळांचं नवल नव्हतं. भूकंपानंतर आम्ही इतक्या कार्यशाळांना बसलो, की त्यांची कुणी पदवी देत असतं तर माझ्या आईच्या नावापुढे दोन ओळी लागल्या असत्या. मेणबत्त्या करायला शिकवलं. हात धुवायला शिकवलं. पापड लाटायला शिकवलं, आणि तेही मराठवाड्यातल्या बायकांना. एका बाईंनी तर दुःख कसं करायचं ते शिकवलं. गोल बसवलं, डोळे मिटायला लावले, खोल श्वास घ्यायला सांगितला. माझी अव्वा डोळे मिटून चुलीवरच्या वरणाचा विचार करत होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

अव्वा म्हणजे आई. आमच्या लिंगायत घरांत कन्नडातले असे काही शब्द पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेत. शाळेत मी 'आई' म्हणायला शिकले, पण घरात पाय ठेवला की तोंडातून अव्वाच येतं.

तर त्या वर्षांत आमच्या बायकांनी एक रीत बसवली. संस्थेची माणसं आली की सतरंजीवर बसायचं, चहा-बिस्कीट घ्यायचं, आणि शेवटी "मग करणार ना?" असं विचारलं की एका सुरात "हाव" म्हणायचं. नाही म्हटलं की माणसं दुखावतात, कारण विचारतात, आणखी तासभर बसवून ठेवतात. हाव म्हटलं की टाळ्या वाजतात आणि गाडी निघून जाते. मग आपण आपलं करायचं. कुणाला फसवायचा हेतू त्यात नव्हता. ज्याचं सगळंच गेलं आहे त्याला रोज नवा माणूस येऊन काहीतरी सांगतो, तेव्हा जीव वाचवायचा तो एक मार्ग होता. मला ती रीत कधीच आवडली नाही. मी लहानपणापासून 'का' विचारणारी, आणि त्यापायी मार खाणारी.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. याला माळवद म्हणतात. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकून चोपायची, म्हणजे गळत नाही. आजोबांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली, आणि जुनी कुणी कधी काढली नाही. उन्हाळ्यात घर असं गार राहायचं की दुपारी पाहुणा उठायचं नाव घेत नसे. त्या पहाटे तो सगळा थर खाली आला. बाबा आणि माझी धाकटी बहीण आत होते. गणपती विसर्जनाला उशीर झाला म्हणून मी चुलत बहिणींबरोबर काकांच्या किराणा दुकानातच झोपले होते. दुकानाला पत्रा होता. पत्रा वाकला आणि आम्ही त्याखालून रांगत बाहेर आलो. अव्वाला दुपारी काढलं. ती तुळईच्या आडोशाला होती, नाकातोंडात माती गेलेली, पण जिवंत.

आमच्यात गेलेल्याला बसवून माती देतात. त्या दिवशी माती द्यायला ना जागा होती ना वेळ. पाऊस लागला होता. कोण कुठल्या जातीचं हे न विचारता गावाला एकत्रच अग्नी दिला. अव्वा त्याबद्दल फार बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, "जित्तेपणी माती दिली, मेल्यावर आग दिली. सगळं उलटं झालं बघ." 

पुढे नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं. अव्वा त्यात एक रात्र राहिली नाही. तिनं अंगणात पत्रे उभे केले आणि सिमेंटच्या घरात ज्वारीची पोती ठेवली. मग माझ्या शिक्षणासाठी आम्ही लातूरला आलो. लातूरला तेव्हा शिकवण्यांचं पीक जोरात होतं. ज्याच्या घरात एक खोली जास्त तो होस्टेलवाला झाला आणि ज्याच्या घरात तवा मोठा तो मेसवाला झाला. नांदेड, परभणी, हिंगोली, कुठकुठून पोरं यायची, डॉक्टर नाहीतर इंजिनियर व्हायला. अव्वानं शहराच्या कडेला असलेल्या पत्र्यांच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या आणि डबे सुरू केले. त्या वस्तीत आमच्यासारखी भूकंपातली माणसं होती, क्लासच्या इमारतींचे स्लॅब टाकायला आलेली हिमायतनगरकडची माणसं होती, देगलूरकडची होती. हळूहळू बायकांनी एकत्र येऊन एक मोठं शेड उभारलं आणि त्यात सगळ्यांच्या भट्ट्या मांडल्या. निम्म्या ट्यूशन एरियाचे डबे तिथून जात. त्या डब्यांवर मी शिकले, बीएड केलं आणि नांदेडला शाळेत शिक्षिका म्हणून लागले.

अव्वाला एक खोड जडली होती. बाहेरून जड डंपर गेला, कुठे पत्रा वाजला, तरी ती हातातलं टाकून बाहेर पळायची. आमच्या भागात बारीक हादरे अधूनमधून बसतात, तेव्हा तर ती सगळ्यांच्या आधी रस्त्यावर असायची. तव्यावरची भाकरी करपायची. डब्यात काळी भाकरी निघाली की पोरं विचारायची, "मावशी, आज हादरा का डंपर?" अव्वा हसायची. पण पुढच्या डंपरला पुन्हा पळायची.

या गोष्टीच्या आदल्या उन्हाळ्यात अव्वा भट्टीसमोर कोसळली. वर तापलेला पत्रा, खाली आग, आणि मध्ये ती. हिमायतनगरकडची आमची शेजारीण शेजारच्याच भट्टीवर होती, तिनं धावून पाणी मारलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की असा आणखी एक उन्हाळा या बाईंना झेपणार नाही. मी म्हटलं, "नांदेडला चल." ती म्हणाली, "तुझ्याकडं वर स्लॅब, खाली स्लॅब. मधी मी काय करू?" मी म्हटलं, "मग डबे बंद कर." तेव्हा ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी तिला श्वास बंद करायला सांगितलं होतं. "माझा तवा हितं हाय," एवढंच बोलली.

म्हणून मीच ती संस्था वस्तीत आणली. पुण्याची संस्था होती. 'हवामान बदल आणि शाश्वत जीवन' या विषयावर स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये ती कार्यशाळा घेत फिरत होती. नांदेडला त्यांना बोलीभाषेत समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं. मी गेले ते भांडायच्याच तयारीनं. ज्यांच्या घरात फ्रीज नाही त्यांना विजेची बचत शिकवायची, जे बसला उभ्यानं लोंबकळत येतात त्यांना पेट्रोल वाचवायला सांगायचं, याचा मला मनापासून संताप येतो. हे हवामान आमच्या पत्र्यांनी बिघडवलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी हे माईकवरून बोलले. कार्यशाळा घेणारी मॅडम आर्किटेक्ट होती, वयानं माझ्याहून बरीच लहान. मला वाटलं आता ती रागावेल. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण ऊन तर तुमच्याच डोक्यावर पडतंय ना? त्याचं काय करू या?"  ती मला आवडली. मी तिला लातूरच्या शेडबद्दल, अव्वाच्या कोसळण्याबद्दल सांगितलं. संस्थेला एका वस्तीत एक नमुना छप्पर बांधून दाखवायचंच होतं. तिनं लातूर ठरवलं.

लातूरच्या कार्यशाळेच्या दिवसांत माझ्या शाळेच्या परीक्षा होत्या. मी जाऊ शकले नाही. रात्री फोन केला.

"कशी झाली?"

"झाली. चहा चांगला होता."

"काय ठरलं?"

"हाव म्हणलाव."

"कशाला?"

"कुणाला ठाव. चित्रं लई होते. पोरगी गोड हाय पण."

मी हसले आणि फोन ठेवला. पेपर तपासायचे होते.

परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले, तेव्हा एप्रिल संपत आला होता. वस्तीत शिरले तर बायका बाहेर, कडुनिंबाला साड्या बांधून त्या सावलीत भट्ट्या लावून बसलेल्या. साडीची ती सावली काय टिकणार? ऊन सरकलं की भट्टी सरकवायची. अव्वाचं तोंड तांबडंलाल झालं होतं. मागे शेड होतं, पण पत्रे नव्हते. दगडी खांबांवर सुबक तुळया, तुळयांवर बांबू, आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. नवं कोरं माळवद. मी दारात उभी राहिले आणि मला तो वास आला. आमच्या घराचा वास. माझे पाय आत जाईनात.

आत कुणीच नव्हतं. जमीन झाडलेली, भिंतीवर संस्थेचं चित्र टांगलेलं. गारवा दारापर्यंत येत होता.

"तुम्ही याला हाव म्हणालात?" मी अव्वाला विचारलं.

"चित्रात गार घर व्हतं. आम्हाला वाटलं, दाखवून राहिले. बांधतील असं कुठं वाटलं? कोण बांधतंय कधी?"

हे खरं होतं. इतक्या वर्षांत हाव म्हटलेलं कुणी कधी खरं करून दाखवलं नव्हतं. ज्या एका संस्थेनं आमचा होकार खरा मानला, तिनं आमच्या डोक्यावर नेमकं तेच आणून ठेवलं होतं. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. सगळ्यांवर, कुणालाही न सोडता. बायका ऐकत भाकरी थापत राहिल्या. शेजारीण शेवटी म्हणाली, "झालं का तुझं, मास्तरीण? आता पाणी पी."

ती शेजारीण भूकंपातली नव्हती. तिच्या माहेरी अजून माळवद होतं आणि ते लई गार राहतं हे ती उघड सांगायची. तिला आत जायला काहीच अडचण नव्हती. तरी ती उन्हात बसली होती. मी तिला विचारलं, कामून? तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "माझी भट्टी तुझ्या अव्वाच्या भट्टीजवळ पाहिजे. मागल्या साली मी जवळ व्हते म्हणून कळलं. न्हाईतर?"

दोन दिवसांनी मॅडम आली. छपराचं उद्घाटन होतं आणि त्यालाच जोडून शेवटची कार्यशाळा. बायका उन्हात बसलेल्या पाहून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "सगळ्या हो म्हणाल्या होत्या ना?" मी बोलायला तोंड उघडलं, पण अव्वा माझ्या आधी उठली. गळ्यातलं लिंग मुठीत धरून ती उभी राहिली. सभेत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

"हाव म्हणलो, ते खरं हाय. आमचं चुकलं. आता न्हाई म्हणून राहिलो."

"पण का, मावशी? आत येऊन तर बघा, किती गार आहे."

"गार हाय, ठाव हाय. मी त्यातच वाढले."

मॅडमनं मग समजावून सांगितलं. हे जुन्यासारखं नाही, थर वीतभरच आहे, तुळया खांबांना बांधलेल्या आहेत, हादऱ्याचा हिशेब करूनच आराखडा केलाय. ती खोटं बोलत नव्हती. मला थोडंफार कळतं त्यावरून सांगते, तिचं छप्पर पडलं नसतं.

"असंल," अव्वा म्हणाली. "तुमचं गणित चुकलं असं मी कुठं म्हणते? पण मी मातीखाली दुपारपर्यंत व्हते. बाजूला माझी धाकटी रडून राहिली व्हती. मग रडायची थांबली. त्या मातीखाली उभी राहून मी भाकरी करणार न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. बहीण रडत होती आणि अव्वाला ऐकू येत होतं, हे इतक्या वर्षांत तिनं मला सांगितलं नव्हतं. ते तिनं पुण्याच्या एका पोरीला सगळ्यांसमोर, भर दुपारी सांगितलं, आणि सांगून पदरानं कपाळ पुसलं. मला तिचा राग आला, अभिमान वाटला, आणि रडूही आलं, सगळं एकदमच.

मॅडम बाजूला जाऊन फोनवर बोलली. परत आली ती खाली मान घालून. तिचे वरिष्ठ म्हणत होते, लोकांना नीट समजावून सांगा. छप्पर ठेवलं नाही तर प्रकल्प इथून काढून दुसऱ्या वस्तीला द्यावा लागेल.

"समजलंय आम्हाला," अव्वा म्हणाली. "समजलं म्हणूनच न्हाई म्हणतो."

"आणि दुसऱ्या वस्तीला द्यायचं तर खुशाल द्या," मी म्हणाले. "पण एवढं लिहून घ्या मॅडम, की ही वस्ती अडाणी होती म्हणून नको म्हणाली असं नाही. आम्हाला घर दिलं तेव्हा दार कुठे हवं ते कुणी विचारलं नव्हतं. चूल कुठे हवी ते विचारलं नव्हतं. दिलं ते घेतलं आणि हाव म्हटलं. आता विचारल्याशिवाय आमच्या डोक्यावर काहीही ठेवायचं नाही. उन्हात बसू, पण ठेवू देणार नाही." माझा आवाज चढला होता. शाळेत पोरं या आवाजाला घाबरतात. इथे कुणी घाबरलं नाही, पण बायका सरसावून बसल्या.

मॅडमनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायली, आणि म्हणाली, "मग मी विचारते. डोक्यावर काय हवं?"

 हाव म्हणायची सवय असलेल्या माणसाला 'काय हवं' हा प्रश्न अवघड जातो.  अव्वानं भट्टीजवळचा पाट उचलून आणला आणि मॅडमसमोर ठेवला.

"बस याच्यावर."

मॅडम बसली. आता 'तुम्ही' गेलं होतं, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

अव्वानं कुंपणातून तुरीच्या वाळक्या काड्यांची पेंढी काढली, तुराट्यांची, आणि हात उंच करून मॅडमच्या डोक्यावर सोडली. मॅडमनं डोळे गच्च मिटले. काड्या खांद्यावरून ओघळल्या, केसांत कचरा राहिला.

"मेलीस का?"

"नाही."

"झटक. मग हे चालंल."

बायकांना चेव आला. कुणी बारदान आणलं, कुणी बांबूची तट्टी आणली. शेजारणीनं घरातून चटई आणली. एकेक वस्तू मॅडमच्या डोक्यावर पडायची, ती झटकायची, आणि बायका ओरडून निकाल द्यायच्या. तट्टीच्या कोपऱ्यानं तिच्या कपाळाला लागलं, तेव्हा अव्वानं हळद लावली आणि "हे बांधून घ्यावं लागंल" असा शेरा दिला. एकीनं आपल्या घरचा प्लॅस्टिकचा घडा आणला, तो कशासाठी हे तिलाही सांगता आलं नाही. मॅडम हसत होती. मीही हसत होते.

शेवटी अव्वा शेडमागे गेली आणि छपरावर टाकून उरलेली पांढरी माती घमेलं भरून घेऊन आली. हसणं थांबलं. मॅडम पाटावर ताठ बसली आणि तिनं डोकं खाली घातलं. अव्वानं ते घमेलं तिच्या डोक्यावर सोडलं नाही. तिच्या मांडीवर ठेवलं.

"हात लाव. उचल."

मॅडमनं दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. घमेलं जरासं हललं आणि परत मांडीवर बसलं.

"हे वरून येतंय, आन्‌ एकटं न्हाई येत," अव्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं म्हणणं एवढंच हाय, पोरी. डोक्यावर असं पाहिजे, की पडलं तर उठून झटकायचं आन्‌ पुढची भाकरी टाकायची. बाकी तू म्हणशील ते कर."

 मॅडमनं घमेलं मांडीवर तसंच ठेवून माझ्याकडे पेन मागितला.

वरिष्ठांना तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. उद्घाटन झालं नाही. फीत कापायची कात्री शेजारणीनं कोथिंबीर कापायला ठेवून घेतली. पुढच्या आठवड्यात माळवद उतरवलं. गवंड्यांच्या हाताखाली बायका स्वतः उभ्या राहिल्या आणि माती टोपल्यांनी खाली आणली. ती फेकायची नाही असं अव्वानं आधीच सांगितलं होतं. "मातीवर माझा राग न्हाई. तिची जागा चुकली." ती सगळी माती शेडमध्ये खाली पसरली, पाणी मारून चोपली, शेणानं सारवली. मागे रचून ठेवलेले जुने पत्रे परत चढले, पण आता उंचावर, वरून चुन्यानं पांढरे केलेले. त्यांच्याखाली हातभर मोकळी जागा सोडून तट्ट्यांचं दुसरं छत, त्यावर तुराट्या आणि बारदान, सगळं घट्ट बांधलेलं. ती मोकळी जागा मॅडमची कल्पना होती. गरम हवा तिथून बाजूनं निघून जाते, असं तिनं दाखवून दिलं, आणि ते खरं निघालं.

शेड गार झालं असं मी म्हणणार नाही. लातूरच्या मे महिन्यात गार काही होत नसतं, आणि माळवदाइतकं तर ते मुळीच झालं नाही. पण तव्यासमोर उभं राहता येऊ लागलं. दुपारी अव्वा अनवाणी त्या सारवलेल्या जमिनीवर उभी राहायची आणि पाय गार लागतात म्हणायची. संस्थेनं तिथं आपली पाटी लावली नाही. नंतर त्यांची रंगीत पुस्तिका आली, तिच्यात नांदेडचे फोटो होते, लातूरचा उल्लेखही नव्हता. मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. मॅडम मात्र त्यानंतर दोनदा येऊन जेवून गेली, स्वतःच्या सुट्टीत.

मी सगळी सुट्टी तिथंच काढली. डॉक्टर म्हणाले तो उन्हाळा डोळ्यांसमोरून जाईपर्यंत मला नांदेडला झोप लागली नसती. अव्वाचा रक्तदाब मी रोज तपासून घ्यायचे आणि ती रोज कटकट करायची.

मे सरता सरता एका दुपारी हादरा बसला. आधी जमिनीतून गुरगुर आली, मग परातीतलं पाणी थरथरलं, आणि सगळी भांडी एकदम वाजली. मी हातातला डबा टाकून बाहेर पळाले. मागोमाग बायका आल्या. पलीकडच्या रस्त्यावर क्लासच्या इमारतींमधून पोरं जिने उतरून रस्त्यावर आली होती, कुणाच्या पायात चप्पल नव्हती, कुणी फोनवर घरी बोलत रडत होतं. हादरा लगेच ओसरला. कुठे काही पडलं नव्हतं. मी बायकांमध्ये अव्वाला शोधू लागले. नेहमी सगळ्यांच्या पुढे असते. ती नव्हती. शेजारणीनं माझा दंड धरला. आम्ही दोघी दाराकडे वळलो.

अव्वा आत होती. एका हातानं तिनं खांब धरला होता. केसांवर, खांद्यांवर तुराट्यांचा भुगा आणि चुन्याची पूड पडली होती. थोडी पिठातही पडली होती. तिनं वर पाहिलं. मग खांब सोडला, पदर झटकला, केस झटकले, पिठातली काडी दोन बोटांनी उचलून बाहेर टाकली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"या आत," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "करपली असती."